संडासच्या टाकीत पावडर टाकावी काय?



विषय ऐकून काहींना हसू आले असेल. परंतु लोटे परिसरात कारखाने आले, पगार आले, घरोघरी संडास झाले, आणि टाकी तुंबली की काय करावे हे मात्र कोणी शिकवले नाही. मी बँकेतला कारकून, शिक्षण कला शाखेचे. तेव्हा हे सारे मी ठेच लागल्यावरच वाचून काढले.

झाले असे, की एक विक्रेता दारी आला. "दर महिन्याला एक पुडी भांड्यात ओता, टाकी जन्मात उपसावी लागणार नाही," म्हणाला. मी चार वर्षे इमानाने पुड्या ओतल्या. पाचव्या पावसाळ्यात मैला उलटा वर आला. झाकण काढले तर टाकी गाळाने गच्च!

टाकीत मैला कुजवणारे जिवाणू आपल्या पोटातूनच येतात. त्यांना हवा लागत नाही, रोज नवे येतातच, विकत आणावे लागत नाहीत. भारतीय मानक २४७० मध्ये नवी टाकी सुरू करताना पाण्याने भरावी आणि जुन्या टाकीतला थोडा कुजलेला गाळ, तो नसेल तर कुजलेले शेण घालावे असे सांगितले आहे. तेही एकदाच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचेही म्हणणे हेच, की घरगुती टाकीला अशा मिश्रणाची गरज नाही.

मग गाळ का साठतो? कारण मैल्यातला काही भाग कुजतच नाही. तो तळाशी बसतो आणि तो उपसावाच लागतो, साधारण दोन-तीन वर्षांनी. काही द्रावणे गाळ पातळ करतात खरी, पण मग तोच गाळ वाहून शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याच्या भिंती बुजतात. आपला जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, आणि वाडीतली विहीर दूर ती किती असते? शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर तरी हवा. ते कोणी मोजलेले नसते. ॲसिडने संडास धुण्याची सवयही कमी करावी, त्याने बिचारे जिवाणूच मरतात.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. पुडीवर भरवसा ठेवून टाकी दहा-बारा वर्षे उघडलीच नाही, तर तळाचा गाळ घट्ट होतो. गाडीचा पाइप तो ओढत नाही. मग कोणीतरी म्हणते, "एखादा माणूस बघा, उतरवू." तो माणूस कोणत्या वस्तीतून येतो, हे या सभेत सांगायला नको. माझ्या टाकीच्या वेळी आमच्याच नात्यातल्या एकाने हे वाक्य उच्चारले. आपल्याच माणसाच्या तोंडी ते ऐकून मी गप्प झालो. पण उतरू कोणाला दिले नाही. गाडीवाल्याने पाण्याचा फवारा मारून गाळ सैल केला, दोन खेपा झाल्या, पैसे जादा गेले. गेले ते गेले.

टाकीतला वायू जीवघेणा असतो. जास्त प्रमाणात असला तर नाकाला वासही कळेनासा होतो, म्हणून "वास येत नाही, उतर" म्हणणे म्हणजे माणसाला मरणाच्या दारात लोटणे. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती २०२३ साली तीस लाख केली. भरपाईने घरचा कर्ता परत येत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुडीचे पैसे मी आता पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकतो. तीन वर्षांत गाडीचे भाडे निघते. झाकणावर उपसल्याची तारीख ऑइलपेंटने लिहून ठेवली आहे. कोणाला बघायची असेल तर सभा संपल्यावर घरी चला, चहाही होईल.