वामनवृक्षाची तार आणि मुलांची वाढ

(शाळेच्या हीरक महोत्सवी सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



‘मुलांचे बोन्साय करू नका’ हे वाक्य शिक्षणविषयक भाषणांत वारंवार ऐकू येते. बोन्साय म्हणजे बळाने खुंटवलेले झाड, हा त्यामागचा समज. तो कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी वामनवृक्षकलेतील एका प्रकाराकडे पाहणे उपयोगी ठरेल. तो प्रकार म्हणजे पाइन वृक्षाची साहित्यिक शैली. जपानी भाषेत तिला ‘बुंजिन’ म्हणतात.

बुंजिन म्हणजे विद्वान, साहित्यिक. चीनमधील कवी-पंडितांनी स्वान्तःसुखाय, शाई आणि कुंचल्याने डोंगरकड्यांवरचे एकाकी वृक्ष चितारले. अठराव्या शतकात इके नो ताइगा आणि योसा बुसोन यांनी ही परंपरा जपानी चित्रकलेत बहरास आणली. त्या चित्रांतील झाडांवरूनच ही शैली आली. उंच, सडपातळ खोड, त्याला सहज वाटणारी वळणे, खालचा भाग फांद्यांविना मोकळा, शेंड्याकडे मोजकी पालवी आणि खाली लहानसे, बहुधा गोल कुंड. सारे सौंदर्य खोडाच्या रेषेत असते.

अशा झाडात जे ठेवायचे ते थोडे, म्हणून काढण्याचा निर्णय कठीण. पाइनच्या सुया नसलेल्या जुन्या लाकडावर नवा कोंब सहसा फुटत नाही. चुकीची फांदी कापली गेली तर ती परत मिळत नाही. त्यामुळे जाणकार कात्री उचलण्यापूर्वी झाड सर्व बाजूंनी दीर्घकाळ न्याहाळतो. शंका असलेली फांदी तो राखतो आणि तारेने वळवून पाहतो. काही फांद्यांची साल काढून त्यांचे पांढरे लाकूड तसेच ठेवतो. वादळवाऱ्याची ती खूण झाडाचे वय सांगते.

प्रत्येक कामाला ऋतू असतो. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार साधारणतः थंडीत, वाढ मंदावलेली असताना गुंडाळतात आणि ती सालीत रुतण्यापूर्वी सोडवतात. उशीर झाला तर सालीवर उमटलेले वळ वर्षानुवर्षे जात नाहीत. जपानी काळ्या पाइनचे वसंतातील कोंब उन्हाळ्याच्या आरंभी कापले, की दुसऱ्यांदा फूट येते आणि सुया आखूड राहतात. हाच उपाय पांढऱ्या पाइनवर केला तर झाड खंगते, कारण त्याला वर्षातून एकदाच जोमाची फूट येते. अशक्त काळ्या पाइनचे कोंबही त्या वर्षी कापत नाहीत. काही वर्षांनी कुंडी बदलताना मुळांभोवतीची थोडी जुनी माती राखतात, कारण मुळांना साहाय्य करणारी बुरशी त्या मातीत असते. छाटणी, तारबंदी आणि कुंडीबदल ही मोठी कामे एकाच वेळी झाडावर लादत नाहीत.

खुंटवलेले झाड शतके जगत नाही. हिरोशिमातील यामाकी कुटुंबाने जपलेल्या पांढऱ्या पाइनच्या संगोपनाचा आरंभ 1625 सालचा मानला जातो. 6 ऑगस्ट 1945 च्या अणुस्फोटातून तो वाचला आणि 1976 साली जपानने अमेरिकेला दिलेल्या भेटीतून वॉशिंग्टनला गेला. तो अणुस्फोटातून वाचलेला आहे, हे तेथील लोकांना 2001 मध्ये त्या कुटुंबातील नातवंडे झाड पाहायला आली तेव्हा समजले.

रायपूरमध्ये मात्र पाइनचा हट्ट धरणे रास्त नव्हे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त वर्णिलेले सरल वृक्ष म्हणजे हिमालयातील चीड. जपानी पाइनला हिवाळ्याची खरी थंडी लागते. येथील मे महिन्यात उथळ कुंडीतील माती तापून मुळे भाजतात. येथे सुरू लावावा. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याची बने दिसतात, तोच हा सुरू. तो पाइन नव्हे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरापेरांच्या बारीक हिरव्या काड्या असतात. परंतु भरपूर ऊन आणि नियमित पाणी मिळाल्यास तो ही शैली उत्तम पेलतो. आधी भूमी, मग जात आणि त्यानंतर शैली, हा क्रम मोडून चालत नाही.

हिंदीभाषक प्रदेशातील मराठी शाळा हीसुद्धा मर्यादित मातीत वाढलेली आहे. या भूमीत हे अशक्य नाही, याची साक्ष माधवराव सप्रे देतात. या मराठी भाषकाने 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांची मुळे मराठीत होती, म्हणून त्यांचे हिंदी दुबळे झाले नाही. मुलाला मराठीत घातले तर ते मागे पडेल, या भीतीने ग्रासलेल्या पालकांनी हे उदाहरण स्मरावे.

झाड आणि मूल यांची तुलना एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. झाडाला पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी घडवले जाते, मुलाला तसे घडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलाचे वळण अखेर त्याने स्वतः निवडायचे असते. जाणकाराकडून घेण्याजोगे आहे ते त्याचे निरीक्षण, त्याचा धीर आणि वेळेवर तार सोडण्याची त्याची दक्षता. पाचवीत हात धरून करून घेतलेला अभ्यास आठवीत मुलावर सोपवावा लागतो. एका भावंडाला मानवलेली शिस्त दुसऱ्याला मानवेलच असे नाही. आजारातून उठलेल्या मुलाला त्याच वर्षी स्पर्धापरीक्षेला बसवू नये. या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या पालकसभेत गुणपत्रिकेआधी प्रत्येक मुलाविषयी एवढेच विचारले जावे, की त्याच्यावरची कोणती तार आता सोडवायची आहे?