लक्ष्मीबाई टिळक : घर हीच संस्था

मुंबईहून नागपुरास जाणारी गाडी बडनेरा सोडून थोड्याच वेळांत चांदूरास येते. अमरावती जिल्ह्यांत चांदूर बाजार हें दुसरें गांव असल्यामुळें या चांदुरास ‘रेल्वे’ हें उपपद कायमचें लागलें आहे. नाशिक व नागपूर यांना जोडणारा हाच लोहमार्ग. या दोन शहरांशीं जिच्या आयुष्याचे मोठे प्रसंग निगडित आहेत, अशा एका स्त्रीचें स्मरण वऱ्हाडांतील श्रोत्यांस परकें वाटूं नये. ती स्त्री म्हणजे ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा. त्यांच्या वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां धुवून घ्यावें लागे. अकराव्या वर्षीं नारायण वामन टिळक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. अक्षरओळख झाली ती सासरीं, पतीच्याच हातून. टिळक वृत्तीनें कवि, स्वभावानें तापट आणि फिरते. 1891 च्या सुमारास त्यांचें बिऱ्हाड नागपुरास आलें. पुढें 1893 सालीं राजनांदगांवच्या प्रवासांत आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें त्यांना बायबल वाचावयास दिलें, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईंत टिळकांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्या काळीं अशा बातमीचा अर्थ पत्नीच्या वांट्यास काय येई, हें सांगावयास नकोच. पति जिवंत असून अंतरला. लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांच्या आधारानें राहावें लागलें. कांहीं वर्षांनीं त्या पतीकडे परत गेल्या, परंतु धर्म न सोडतां. एकाच घरांत दोन चुली, दोन पाण्याचे हंडे असा संसार सुरू झाला. पतीची इच्छा म्हणून त्यांनीं धर्म बदलला नाहीं. जातिभेद देवानें केला नसून मनुष्यानें केला आहे, हें त्यांच्या बुद्धीस पटलें, तेव्हां त्यांनीं प्रथम शिवाशिव टाकली आणि नंतर, 1900 सालीं, बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्या घरांतल्या मुलीनें कोणाच्याही हातचें पाणी पिणें, ही क्रांति व्यासपीठावर नव्हे, स्वयंपाकघरांत घडली.

त्यांच्या समाजसेवेचें मर्म येथेंच आहे. त्यांनीं संस्था स्थापन केली नाहीं. घर हीच त्यांची संस्था. अहमदनगरच्या त्यांच्या घरीं अनाथ मुलें, विद्यार्थी आणि निराधार माणसें यांची सदैव वर्दळ असे. मिळकत बेताची, त्यांत टिळकांचा हात सढळ. वाढणारी मात्र एकटी! प्लेगच्या दिवसांत आजारी मुलींच्या शुश्रूषेस त्या धांवल्या. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवि, यांना याच घरानें मुलाप्रमाणें संभाळलें. रविवारीं देवळांत ऐकलेला उपदेश सोमवारीं चुलीपाशीं खरा करून दाखवावा लागतो, आणि तो लक्ष्मीबाईंनीं दाखविला.

9 मे 1919 रोजीं टिळक वारले. लक्ष्मीबाईंनीं दुःखास काम हेंच औषध मानलें. मुंबईंत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनीं पत्करली. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. ज्यांना शाळेचें शिक्षण मिळालें नव्हतें त्या बाईंनीं त्यास 64 अध्यायांची जोड दिली. ज्या नागपुरांत त्यांनीं एके काळीं सोवळ्यानें संसार केला, तेथेंच 1933 सालीं मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना लाभलें.

पुढें मुलगा देवदत्त, सून आणि नातवंडें यांच्या सहवासांत त्यांचें उत्तर आयुष्य गेलें. कांहीं काळ दूर कराचीसही. देवदत्तांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाईंनीं आठवणी लिहावयास घेतल्या. त्यांतूनच 1934 पासून ‘स्मृतिचित्रें’ भागशः प्रसिद्ध झालीं. त्यांची भाषा ओटीवर बसून बोलणाऱ्या आजीची आहे: सरळ, मिस्किल, स्वतःवर प्रथम हंसणारी. ज्या धर्मांतून त्या बाहेर पडल्या त्याच्याविषयीं त्यांत कडवटपणा नाहीं. ज्यांनीं छळलें त्यांच्याविषयीं आकस नाहीं. 24 फेब्रुवारी 1936 रोजीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला. पुढें त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं ‘स्मृतिचित्रें’चें साक्षेपानें संपादन करून आजीचें ऋण फेडलें.

सेवा करावयाची तर पैसा, पदवी आणि मोकळा वेळ हवा, अशी आपल्या सुशिक्षित घरांची समजूत असते. लक्ष्मीबाईंपाशीं यांपैकीं एकही नव्हतें. आणखी एक ताट मांडावयास जागा करणें एवढेंच त्यांना येत होतें, आणि तें त्यांनीं जन्मभर केलें.