शोक सर्वांचा, खर्च कोणाचा?

आपल्याकडे पुष्कळ गावांत अशी रीत आहे की, एखादा माणूस गेला म्हणजे सरणासाठी लाकूड, गोवऱ्या आणि चार खांदे गाव पुरविते; परंतु तेराव्याचे पान मात्र घरच्यांनीच वाढावयाचे असते. गावाचे कर्तव्य कोठे संपते आणि घराचे कोठे सुरू होते, याविषयी तेथे कोणाचा वाद होत नाही. परंतु मरण पावलेला मनुष्य जगप्रसिद्ध असला, त्याच्या शोकसभेला लाखो लोक येऊ पाहात असले आणि ‘गाव’ म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास वस्तीचे महानगर असले, म्हणजे हीच साधी रीत मोठा प्रश्न होऊन बसते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला २००९ साली या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले.

त्या वर्षी २५ जून रोजी विख्यात गायक मायकेल जॅक्सन यांचे त्या शहरात अकस्मात निधन झाले. लंडन येथे त्यांचे पन्नास जलसे ठरले होते व त्यांची तालीम चालू होती. ७ जुलै रोजी स्टेपल्स सेंटर या भव्य क्रीडागृहात (आज त्याचे नाव बदललेले आहे) त्यांच्या स्मरणार्थ सभा भरली. प्रवेश विनामूल्य होता. परंतु जागा मर्यादित असल्यामुळे प्रवेशपत्रिका सोडत काढून देण्यात आल्या. सुमारे १६ लाख लोकांनी नावे नोंदविली आणि १७,५०० पत्रिका वाटल्या गेल्या. एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोकांनी तो सोहळा दूरचित्रवाणीवर पाहिला.

बाहेरील रस्त्यांवर त्या दिवशी सुमारे तीन हजार पोलीस उभे होते. रस्ते बंद करणे, वाहतूक वळविणे, कठडे उभारणे, नंतर झाडलोट करणे ही सर्व कामे नगराच्या सेवकांनी केली. हिशेब झाला तेव्हा नगराच्या तिजोरीतून सुमारे १४ लाख डॉलर गेल्याचे दिसून आले. पोलिसांच्या जेवणाच्या पाकिटांवरच सुमारे ४८ हजार डॉलर खर्च झाले होते, आणि याच बारीकशा रकमेने नागरिकांचा रोष अधिक ओढवून घेतला. त्याला कारणही तसेच होते. त्या वर्षी नगराच्या अंदाजपत्रकात सुमारे ५३ कोटी डॉलरांची तूट होती. नोकरकपातीची आणि बिनपगारी सक्तीच्या रजांची चर्चा चालली होती. ज्याचे उद्याचे वेतन अनिश्चित आहे, त्याला अशा वेळी एक-एक डॉलर दिसू लागतो.

नगराधिकाऱ्यांनी प्रथम चाहत्यांनाच वर्गणीचे आवाहन केले. देणग्या स्वीकारण्यासाठी संगणकजाळ्यावर एक पान उघडण्यात आले. परंतु जमलेली रक्कम खर्चाच्या शेकडा दोन-तीन भागापलीकडे गेली नाही, आणि थोड्याच दिवसांत ते पान मिटविण्यात आले. यातून चाहत्यांचे प्रेम खोटे होते असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. अश्रू ढाळणाऱ्याने पोलिसांच्या पाळीचा खर्च द्यावा, ही मागणीच मुळात विचित्र होती. फूल वाहण्यासाठी आलेल्याच्या हाती पावतीपुस्तक ठेवले, तर तो संकोचून मागे सरणारच.

मग हा भार कोणी उचलावयाचा? एक पक्ष म्हणे, ही सभा खाजगी होती; सभागृहाची मालक कंपनी आणि लंडनच्या जलशांची संयोजक कंपनी एकाच उद्योगसमूहातील होती; तेव्हा तिनेच पैसे भरावेत. दुसरा पक्ष म्हणे, पोलीस हे सभेसाठी नव्हते, रस्त्यासाठी होते. सभा झाली नसती तरी शोकाकुल लोक कोठे तरी जमलेच असते, आणि बेशिस्त गर्दी आवरण्यास याहून अधिक खर्च आला असता. शिवाय बाहेरगावच्या पाहुण्यांमुळे शहरातील खाणावळी व हॉटेले भरली, तो लाभ कोणी मोजावयाचा?

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. नगराने प्रत्येक सभेच्या संयोजकाकडून पोलिसांचे मोल घ्यावयाचे ठरविले, तर श्रीमंताची सभा होईल आणि गरिबाची होणार नाही. शिवाय ज्या सभेला विरोध अधिक, तिचा बंदोबस्त महाग. म्हणजे अप्रिय मताला अधिक दंड. याच कारणास्तव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली जॉर्जिया राज्यातील फोर्साइथ परगण्याचा एक नियम रद्द ठरविला. सुव्यवस्थेच्या अंदाजी खर्चाप्रमाणे मिरवणुकीचे शुल्क कमीअधिक करण्याची मुभा त्या नियमाने अधिकाऱ्याला दिली होती. नागरिकांचे एकत्र येणे हा विक्रीचा माल नव्हे, हे तत्त्व कोणत्याही लोकशाहीने जपावयास हवे.

परंतु रस्ता आणि सभागृह यांत भेद आहे. लोक आपण होऊन चौकात जमतात तेव्हा त्यांचे रक्षण करणे हे नगराचे कर्तव्य ठरते. ते सरणाचे लाकूड होय. परंतु स्थळ, वेळ आणि पाहुणे एखादी संस्था ठरविते, प्रक्षेपणाची व्यवस्था करते आणि पुढे त्या कीर्तीतूनच तिला अर्थलाभ होतो, तेव्हा ते तेराव्याचे पान होते. लंडनच्या जलशांच्या तालमींचे चित्रण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चित्रपटरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्याचे जगभरातील उत्पन्न २६ कोटी डॉलरांवर गेले. नगराचे १४ लाख त्यापुढे किती अल्प होते!

अखेरीस घडलेही तसेच. पुष्कळ वाटाघाटींनंतर २०१० साली संयोजक कंपनी आणि मृत कलावंताची इस्टेट यांनी मिळून नगराला १३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. परंतु त्याआधीचे वर्ष कटुतेत गेले. शेजारच्या ग्लेंडेल शहराने मात्र हा धडा वेळेवर घेतला. सप्टेंबर २००९ मध्ये तेथे दफनविधी झाला, तेव्हा बंदोबस्ताचा खर्च इस्टेटीने द्यावयाचा हे आधीच ठरले होते. तेथे ना आवाहन करावे लागले, ना वाद झाला.

महाराष्ट्रालाही या कलावंताच्या निमित्ताने असाच एक प्रश्न पडला होता. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्यांचा जलसा झाला व राज्यशासनाने त्यावरील करमणूक कर माफ केला. तीन कोटींहून अधिक रुपयांच्या त्या सवलतीस मुंबई ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०११ साली न्यायालयाने निर्णय फेरविचारासाठी परत पाठविला, आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने माफी पुन्हा मान्य केली. एका रात्रीच्या गाण्याचा हिशेब चोवीस वर्षे चालला, आणि तोवर गाणारा जाऊन अकरा वर्षे लोटली होती.

या सर्वांतून निघणारा बोध साधा आहे. कलावंताचा सन्मान आणि करदात्याचा पैसा यांत विरोध मानण्याचे कारण नाही. विरोध उत्पन्न होतो तो, कोण किती देणार हे आधी न ठरविल्यामुळे. सोहळ्याची परवानगी देतानाच रस्त्याचा भाग नगराचा, सभागृहाचा भाग संयोजकाचा, असे लेखी ठरवावे. तो ठराव लोकांना वाचावयास मिळावा. आणि लहान संस्थांच्या व निर्धन नागरिकांच्या सभांना शुल्काची झळ लागू नये. एवढे केले, तर मृत्यूनंतर मोठ्या माणसाच्या नावावर कर्जाचा डाग राहणार नाही, आणि त्याच्या चाहत्यांनाही शोक करताना तिजोरीकडे पाहावे लागणार नाही.