सध्या काय वाचताय?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आम्ही एकमेकींना विचारतो, ‘सध्या काय वाचताय?’

या महिन्यात आम्ही बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचतोय. एक जण मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचेच प्रश्न जास्त असतात.

बेबीताई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या. त्या छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेली रद्दी आधी वाचून काढायच्या. दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिलं. १९८६ साली पुस्तक आलं. दलित बाईनं गावात काय सोसलं आणि घरात काय सोसलं, दोन्ही त्यात आहे. ते ऐकून आमच्या गटात जातीबद्दल पहिल्यांदाच मोकळं बोलणं झालं. काही जणी गप्प झाल्या, पण उठून कुणी गेलं नाही.

आजही बाई पुस्तक घेऊन बसली, की ‘तुला काम नाही का?’ असं ऐकावं लागतं. एकटीला बोलणं सोपं असतं, दहा जणींना कोण बोलणार? म्हणून गटात वाचा. साताऱ्याच्या, सांगलीच्या मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना विचारा.