व्यायामाची आवड मोजावी कशी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



"हल्लीच्या कॉलेजातील मुलांना व्यायामाची आवडच उरली नाही," हा उद्गार आपल्या घराघरांतून ऐकू येतो. हा निवाडा आपण कोणत्या मापाने देतो, याचा विचार व्हावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मनाचा कल मोजण्याची एक सुबोध रीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. 'व्यायाम म्हणजे अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय होय', अशा प्रकारची विधाने विद्यार्थ्यापुढे ठेवावयाची आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' या पाच पायऱ्यांपैकी एकीवर त्याने खूण करावयाची. अनुकूल विधानास मिळालेली सहमती आणि प्रतिकूल विधानास मिळालेली असहमती यांना अधिक गुण द्यावयाचे व शेवटी बेरीज करावयाची. कार्लोस वेअर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली शारीरिक शिक्षण या विषयासंबंधीचे मत मोजण्यासाठी होती. परंतु सक्तीच्या तासाचा कंटाळा म्हणजे हालचालीचाच कंटाळा नव्हे.

जेराल्ड केन्यन यांनी १९६८ साली याच विषयात एक मोलाची भर घातली. मनुष्य शरीर का हलवितो, याची त्यांनी सहा अंगे सांगितली: सोबत्यांचा सहवास, आरोग्य, वेग व धोका यांतील थरार, हालचालीतील सौंदर्य, मनावरील ताणाचा निचरा आणि कठोर साधना. प्रत्येक अंगाचे माप त्यांनी वेगळे ठेवले. कबड्डीत रमणाऱ्यास सोबती हवे असतील. कडा चढणाऱ्यास थरार हवा असेल. पहाटे एकट्याने धावणाऱ्यास साधना प्रिय असेल. या सर्वांस "आरोग्यासाठी व्यायाम करा" हा एकच उपदेश केल्यास तो अनेकांच्या मनास स्पर्शही करणार नाही.

तथापि आवड आणि आचरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांची मध्यम श्रमाची हालचाल सुचविली. म्हणून कल विचारावा, तशी मिनिटेही विचारावीत, आणि अडचणीही विचाराव्यात. एखाद्या मुलीची आवड कागदावर भरपूर दिसेल आणि मिनिटे मात्र थोडी. तेथे दोष तिच्या मनाचा नसून मैदानाचा, घरकामाच्या वाटणीचा किंवा संध्याकाळी बाहेर पडण्यास न मिळणाऱ्या परवानगीचा असू शकतो. मुलग्याला मैदानावर धाडणारे आणि मुलीला स्वयंपाकघरात बोलावणारे आपणच असलो, तर "मुलींना आवड नाही" असे म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या विद्यार्थ्यांची अशी पाहणी अवश्य करावी. परंतु उत्तरपत्रिकेवर नाव मागू नये आणि शिष्यवृत्तीच्या अर्जास ती जोडू नये. देणाऱ्याच्या हाताकडे पाहून दिलेले उत्तर गोड असते, खरे असतेच असे नाही. मुलांपूर्वी पालकांनीही तीच प्रश्नावली भरावी, म्हणजे उपदेशास थोडा संयम येईल.