विलायतेतलं दुकान आणि सोलापूरचा माग



टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात, हे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं पोरसुद्धा सांगेल. एक ताणलेला, त्यातून कापडाची जमीन विणली जाते. दुसरा सैल, त्याच्या सुताचे फासे वर येतात आणि टॉवेल पाणी टिपतो. विलायतेतला दुकानदार अडचणीत आला की पहिली कात्री या सैल सुताला लागते. भाव तोच ठेवायचा आणि टॉवेलचं वजन उतरवायचं. त्यानंतर पाळी येते मजुरीची.

तिकडचा दुकानदार का अडचणीत आला? एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये नोकरदारामागे मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्के झाला. पूर्वी वर्षाला ९,१०० पौंडांपर्यंतच्या पगारावर तो लागत नसे. ती मर्यादा ५,००० वर आली. दुकानांत अर्धवेळ काम करणारे पुष्कळ. ज्यांच्यासाठी मालकाला काहीच भरावं लागत नव्हतं, त्यांच्यातल्या अनेकांसाठीही आता भरावं लागतं. त्याच महिन्यात किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं. त्या कामगाराला चार पैसे जास्त मिळाले, याचा मला आनंदच आहे. पण तो भार आपल्या विणकराच्या खांद्यावर उतरता कामा नये.

तिकडची मोठी दुकानंही बुडतात. बीएचएस २०१६ मध्ये बुडालं, डेबनहॅम्सची शेवटची दुकानं २०२१ मध्ये बंद झाली, २०२३ मध्ये विल्को गेलं. असं मोठं दुकान बुडतं तेव्हा तारण घेतलेली बँक आपले पैसे आधी वसूल करते. उधारीवर माल पाठवणारा रांगेच्या शेवटी उभा असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे सोलापूरला शिकवावं लागत नाही. १८७७ ची आपली जुनी गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. चिमणीचा धूर थांबला तेव्हा किती घरांतल्या चुली विझल्या, ते इथल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं आहे.

२४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्या कापडावरचं शुल्क काढून टाकायचं त्यात ठरलं. संधी मोठी आहे. पण वाचलेलं शुल्क कोणाच्या खिशात जाणार? सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी परदेशी दुकानासाठी विणलेल्या मालावर लेबल त्या दुकानाचं लागतं. ज्याचं लेबल, त्याचा भाव.

म्हणून कारखानदार बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. सगळा माल एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर विणू नका. कंटेनर निघण्याआधी ईसीजीसीचा निर्यात विमा उतरवा. १९५७ पासून ही सरकारी कंपनी याच कामासाठी आहे. मालावर सोलापूरचं नाव लावण्याचा आग्रह धरा. आणि करारातून चार पैसे सुटले, तर त्यातला पहिला पैसा मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या मजुरीत घाला.