एक प्रथिन, दोन चित्रे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापीत आणि जे दिसले ते लिहिणाऱ्याची पाठ थोपटीत. त्या शिकवणीचे मोल सांगणारे एक संशोधन आपल्याच हैदराबादेत झाले आहे.

पेशीच्या केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या जाळीचे अस्तर असते. त्यांपैकी लॅमिन-ए हे डीएनएशीही बांधले जाऊ शकते. अशा प्रथिनाचा ठावठिकाणा लावण्यासाठी प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, वापरतात. एकाच पेशीच्या वंशातून एकजिनसी प्रतिपिंड मिळविण्याची रीत कोलर व मिलस्टीन यांनी १९७५ साली केंब्रिज येथे शोधली. असा प्रतिपिंड प्रथिनाच्या एका छोट्या भागालाच ओळखतो. चमकणाऱ्या रंगाच्या साहाय्याने ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसते.

सीसीएमबी या संस्थेतील डॉ. वीणा परनाईक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली लॅमिन-एच्या दोन प्रतिपिंडांविषयी निबंध प्रसिद्ध केला. एलए-२बी३ या प्रतिपिंडाने अपेक्षेप्रमाणे केंद्रकाची कडा उजळली. एलए-२एच१० या प्रतिपिंडाने मात्र केंद्रकाच्या आत ठिपके दाखविले. प्रथिन एक आणि चित्रे दोन!

अशा वेळी न पटणारे चित्र प्रतिपिंडाचा दोष म्हणून बाजूला सारणे सोपे असते. त्यांनी तसे केले नाही. लॅमिनला बिलगलेली इतर द्रव्ये काढून टाकली, तरी फरक कायम राहिला. प्रथिनाचे निरनिराळे तुकडे तपासले, तेव्हा एलए-२एच१० ओळखतो तो भाग १७१ ते २४६ या ॲमिनो अम्लांच्या दरम्यान सापडला. शिवाय ठिपके होते तेथेच आरएनए कापून सांधणारी प्रथिनेही आढळली. ज्याला आपण नुसते अस्तर समजत होतो, ते केंद्रकातील या कामालाही आधार देत असावे, असे अनुमान त्यांनी जपून मांडले.

त्याच वर्षी एमरी-ड्रायफस या स्नायुविकाराचा संबंध लॅमिन-एच्या जनुकातील बिघाडाशी जुळला. २००३ साली बालकांना अकाली वार्धक्य आणणाऱ्या प्रोजेरियाचाही जुळला. या प्रथिनाकडे नीट पाहणे किती अगत्याचे होते, हे त्यावरून ध्यानी येते.

एका प्रतिपिंडाला जे दिसत नाही, ते नाहीच असे म्हणता येत नाही. आणि जे दिसते, तेही तपासल्यावाचून खरे मानता येत नाही. गुरुजी प्रयोगवहीत हेच शोधीत असत.